मिलिमीटर, टीएमसी आणि फूट

पावसाळ्याच्या ऐन भरात कोल्हापूर-सांगलीकडच्या कोणत्याही वर्तमानपत्राचे पहिले पान उघडा. महाबळेश्वर, नवजा आणि कोयनानगर येथे चोवीस तासांत किती पाऊस झाला ते मिलिमीटरमध्ये दिलेले असते. कोयना धरणात किती पाणी साठले ते टीएमसीमध्ये, दरवाजांतून किती सोडले जात आहे ते क्युसेकमध्ये, आणि राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा कुठवर आली आहे ते फूट-इंचांत. नदीकाठची माणसे हे आकडे इतक्या सरावाने वाचतात की त्यावरून कोणती वस्ती कधी हलवायची, जनावरे कुठे न्यायची, हे ती ठरवतात. पण नवजाला 200 मिलिमीटर पाऊस पडला तर धरणात किती टीएमसीची भर पडेल, आणि तेवढे पाणी सोडले तर सांगलीच्या आयर्विन पुलाशी किती फूट वाढेल, असे विचारले की बहुतेकांना थांबावे लागते. एका परिमाणातून दुसऱ्या परिमाणात जाण्याची ही वाट भूमितीची आहे. ती वाट नव्या वाचकाला दाखवावी, एवढाच या पुस्तकाचा हेतू आहे.

हा विषय कुणाला रुक्ष वाटला तर नवल नाही. शाळेत घनफळाची सूत्रे आपण शंकू, वृत्तचिती आणि लोखंडी गोळे यांच्या संगतीने शिकलो, आणि परीक्षा संपताच ती तिथेच राहिली. त्याच सूत्रांवर आपल्याकडच्या धरणांचे साठे मोजले जातात, निळी आणि लाल पूररेषा आखली जाते, नुकसानभरपाईचे निकष ठरतात. वाचकांनी गणिताची धास्ती घेऊ नये. क्षेत्रफळ, घनफळ, लंबदुभाजक आणि समलंब चौकोन एवढे सामान पुरेसे आहे. कलनशास्त्राची गरज लागते तिथेही चौकटीच्या कागदावर घरे मोजून काम भागते, आणि मला विचाराल तर पहिल्या वेळी ते तसेच भागवावे. समज त्यातून अधिक पक्की होते.

सुरुवात पर्जन्यमापकापासून करू. पाऊस आपण लांबीच्या एककात का मोजतो, हा प्रश्न लहान मुले विचारतात आणि मोठी माणसे टाळतात. उभ्या धारेने पडणारा पाऊस सपाट जमिनीवर साचून राहिला, मुरला नाही की वाहिला नाही, तर त्याची जेवढी जाडी होईल ती म्हणजे पाऊस. भांड्याचे तोंड मोठे असले तर पाणी जास्त गोळा होते, पण तळही त्याच प्रमाणात मोठा असल्यामुळे उंची तीच राहते. म्हणून मापकाचा व्यास कितीही असला तरी उत्तर बदलत नाही. वेधशाळेच्या पर्जन्यमापकात मात्र एक युक्ती असते. वरचे नरसाळे रुंद आणि पाणी मोजण्याची काचेची नळी अरुंद. नळीचे क्षेत्रफळ नरसाळ्याच्या एक-दशांश असेल तर एक मिलिमीटर पाऊस नळीत पूर्ण एक सेंटिमीटर उंच दिसतो, आणि मिलिमीटरचा दहावा भागही डोळ्यांनी वाचता येतो. नरसाळ्याची कडा धारदार ठेवलेली असते ती कडेवर पडणारा थेंब आतला की बाहेरचा हा वाद राहू नये म्हणून. रोज सकाळी साडेआठ वाजता ही नळी वाचायची, हा शिरस्ता आपल्याकडे रूढ आहे.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठाराजवळ एक अरत्नी, म्हणजे साधारण हातभर तोंडाचे पात्र पाऊस मोजण्यासाठी ठेवावे असे सांगितले आहे, आणि वेगवेगळ्या प्रदेशांचे पर्जन्यमान द्रोण या मापात दिले आहे. त्यात गोदावरीकाठच्या अश्मक देशासाठी ठरावीक आकडा आहे. अपरान्ताचा, म्हणजे आपल्या कोकणाचा, पाऊस मात्र ग्रंथकाराने अमित म्हणून सोडून दिला आहे. कोकणी वाचकाला यात थोडा अभिमान वाटला तर तो रास्तच म्हणावा लागेल.

आता एका मिलिमीटरचे पाणी किती? एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर. हे समीकरण पाठ करा, पुढचे बरेचसे आपोआप येते. तुमच्या घराचे छप्पर 10 मीटर लांब आणि 8 मीटर रुंद असेल, तर 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझला नोंदल्या गेलेल्या 944 मिलिमीटर पावसात त्या एका छपरावर 75,520 लिटर पाणी पडले असते. दहा हजार लिटरच्या साडेसात टँकरचे हे पाणी, एका दिवसात, एका घरावर. छप्पर उतरते असेल तर कौलांचे क्षेत्रफळ जास्त भरेल, पण हिशेबात ते धरायचे नाही. धरायची ती छपराची जमिनीवरची सावली, म्हणजे आडवा विस्तार. सह्याद्रीच्या कड्यांनाही हाच नियम लागू आहे. डोंगराच्या उतरणीचे खरे पृष्ठफळ नकाशातल्या क्षेत्रफळापेक्षा कितीतरी अधिक असते, तरी पावसाच्या हिशेबाला नकाशातलेच क्षेत्रफळ अचूक ठरते, कारण मापकाचे तोंडही आडवेच असते. नवख्या माणसाला इथे नकाशा फसवत असल्याचा संशय येतो. तो संशय काढून टाकण्यासाठी दुसरे प्रकरण खास राखले आहे.

पुढची अडचण मोठी आहे. मापक एका जागी असतो आणि पाऊस सगळीकडे सारखा पडत नाही. त्याच 26 जुलैला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडत असताना त्याच शहरातल्या कुलाबा वेधशाळेत जेमतेम 73 मिलिमीटरची नोंद झाली. मग त्या दिवशी मुंबईत पाऊस किती पडला? दोन्हींची सरासरी काढून 508 मिलिमीटर म्हणणे कागदावर बरोबर आहे, पण मिठी नदीला त्याचा उपयोग नाही. प्रत्येक मापकाच्या आकड्याला किती जमिनीचा वाटा द्यायचा, हे ठरवावे लागते.

याचे एक सुंदर उत्तर अमेरिकन हवामानतज्ज्ञ आल्फ्रेड थिसेन याने 1911 साली दिले. नकाशावर पर्जन्यमापकांचे ठिपके मांडा. शेजारशेजारच्या ठिपक्यांना रेघांनी जोडा. प्रत्येक रेघेचा लंबदुभाजक काढा. हे दुभाजक एकमेकांना जिथे भेटतात तिथे थांबवले की प्रत्येक ठिपक्याभोवती एक बहुभुज तयार होतो, आणि त्या बहुभुजातला प्रत्येक बिंदू इतर कोणत्याही मापकापेक्षा त्याच मापकाला जवळ असतो. लंबदुभाजकावरचा बिंदू रेघेच्या दोन्ही टोकांपासून सारख्या अंतरावर असतो, हे शाळेतले प्रमेय इथे कामाला येते. गणितात हीच रचना डिरिश्ले आणि व्होरोनॉय यांच्या नावांनी आधीपासून ओळखली जात होती. थिसेनने तिला पावसात उभे केले.

समजुतीपुरते आकडे घेऊ. एका पाणलोटात तीन मापक आहेत आणि त्यांनी अनुक्रमे 150, 220 आणि 180 मिलिमीटर पाऊस नोंदवला. साधी सरासरी 183 येते. पण बहुभुज काढल्यावर पहिल्याच्या वाट्याला निम्मी जमीन, दुसऱ्याकडे पाचवा हिस्सा आणि तिसऱ्याकडे उरलेले तीन-दशांश आले, तर क्षेत्रभारित सरासरी 75 अधिक 44 अधिक 54, म्हणजे 173 मिलिमीटर होते. दहा मिलिमीटरचा फरक क्षुल्लक वाटेल. कोयनेसारख्या सुमारे 892 चौरस किलोमीटरच्या पाणलोटात तो टीएमसीच्या जवळपास एक-तृतीयांश एवढा भरतो.

ही रचना धरणांपुरती राहत नाही. महसूल मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला की अतिवृष्टी, हा निकष आपल्या शेतकऱ्यांना तोंडपाठ आहे. मंडळाची हद्द महसुली सोयीने आखलेली असते. थिसेनच्या बहुभुजाशी तिचे काही देणेघेणे नसते. मंडळाच्या कडेला असलेल्या शिवारात ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि मंडळाच्या गावातल्या मापकात 58 मिलिमीटर भरले, तर पंचनाम्याच्या वेळी काय वाद होतो ते गावोगाव ठाऊक आहे. अशा शेताला कदाचित शेजारच्या मंडळाचा मापक जवळचा असतो. कंपास आणि पट्टी घेऊन बसलेला दहावीतला मुलगा हे दाखवून देऊ शकतो. तलाठ्याच्या टेबलावर त्याचे म्हणणे चालेल की नाही, ही गोष्ट वेगळी.

क्षेत्रफळ मोजण्याच्या प्रकरणात फार रेंगाळू नका. सर्व्हे ऑफ इंडियाच्या 1:50,000 प्रमाणाच्या नकाशावर एक चौरस सेंटिमीटर म्हणजे पाव चौरस किलोमीटर. समोच्च रेषांना काटकोनात छेदत पाणी खाली येते, हे लक्षात ठेवून डोंगरधारेवरून पेन्सिल फिरवली की पाणलोटाची सीमा मिळते. आत चौकटी मोजायच्या, अर्ध्यापेक्षा मोठी घरे पूर्ण धरायची, लहान सोडायची. संगणकाला हेच काम क्षणाचे आहे. एकदा हाताने केले की संगणकाच्या उत्तरातली ढोबळ चूक नजरेला पडू लागते.

इथून टीएमसीकडे जाऊ. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे 2 कोटी 83 लाख घनमीटर. हे पाणी कोयनेच्या पाणलोटावर सारखे पसरले तर त्याची जाडी साधारण 32 मिलिमीटर भरते. म्हणजे त्या संपूर्ण पाणलोटातून 32 मिलिमीटर पाणी वाहून धरणात आले की शिवसागर या त्याच्या जलाशयात एक टीएमसीची भर. धरणाची पूर्ण क्षमता 105.25 टीएमसी, तेव्हा रिकामे धरण काठोकाठ भरण्यासाठी अख्ख्या पाणलोटावरून 3.34 मीटर जाडीचा थर वाहून यायला हवा. तेवढा थर पुरवणारा पाऊस देशात फार थोड्या ठिकाणी पडतो, आणि त्यांतले एक हे आहे, म्हणून ते धरण तिथे आहे. सोडलेल्या पाण्याचाही असाच सोपा मेळ आहे. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. दिवसात 86,400 सेकंद, तेव्हा सुमारे 11,574 क्युसेकचा विसर्ग दिवसभर चालला की एक टीएमसी पाणी खाली गेले. राधानगरीचे सातही स्वयंचलित दरवाजे उघडले की त्यांतून मिळून दहा हजार क्युसेकच्या आसपास पाणी येते. ते दिवसाला टीएमसीला थोडे कमी पडते, असे आता तुम्हीच सांगू शकाल.

धरणातला साठा मोजण्याची रीत मला या सगळ्या विषयात सर्वांत जवळची वाटते, त्यामुळे ते प्रकरण किंचित लांबले आहे. दोन समोच्च रेषांमधले पाणी हे वर रुंद आणि खाली निमुळते असते. अशा खड्ड्याचे घनफळ कसे काढावे, हे भास्कराचार्यांनी लीलावतीत, 1150 साली, खातव्यवहारात सांगून ठेवले आहे. त्यांच्या उदाहरणातल्या विहिरीचे तोंड 12 हात लांब आणि 10 हात रुंद आहे, तळ त्याच्या निम्मा, म्हणजे 6 बाय 5, आणि खोली 7 हात. तोंडाचे क्षेत्रफळ 120. तळाचे 30. दोन्हींच्या बाजूंची बेरीज करून मिळणाऱ्या 18 बाय 15 च्या आयताचे 270. तिघांची बेरीज 420, तिला सहाने भागले की 70, आणि खोलीने गुणले की 490 घनहात. घाईत कुणी तोंड आणि तळ यांच्या क्षेत्रफळांची सरासरी घेतली तर 525 येतील, मधल्या मापांचा आयत धरला तर 472.5. भास्कराचार्यांचे उत्तर दोन्हींच्या मध्ये आणि बिनचूक आहे. आजही जलाशयाच्या दोन पातळ्यांमधला साठा काढताना अभियंते याच कुळातली सूत्रे वापरतात. खानदेशातल्या पाटण गावच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळ कोरलेली आहे, तेव्हा ही परंपरा मराठी मुलखाने घरची म्हणून मिरवायला हरकत नाही.

याच प्रकरणातून एक व्यवहारोपयोगी गोष्ट हाती लागते. दरी वर रुंदावत जाते. ती सर्व बाजूंनी सारख्या प्रमाणात रुंदावते असे धरले, तर निम्म्या उंचीपर्यंत भरलेल्या धरणात निम्मे पाणी नसते, फक्त एक-अष्टमांश असते. उरलेले सात-अष्टमांश वरच्या निम्म्या भागात मावते. खरी दरी इतकी नियमित नसते, तरी कल नेमका हाच. शेवटच्या काही फुटांत किती टीएमसी बसतात, आणि ऑगस्टमध्ये ते फूट मोकळे ठेवायचे की भरून घ्यायचे यावरून दरवर्षी एवढी चर्चा का रंगते, त्याचे मूळ दरीच्या या आकारात आहे.

पडलेला सगळा पाऊस नदीत येत नाही. जूनच्या पहिल्या सरी तापलेली जमीन पिऊन टाकते, ऑगस्टमध्ये तीच जमीन तुडुंब असते आणि तेवढाच पाऊस जवळपास सगळा वाहून जातो. यापुढे पाणलोटाच्या आकाराचा प्रश्न येतो. लांबट, अरुंद पाणलोटात दूरचे पाणी उशिरा पोहोचते, तोवर जवळचे पुढे गेलेले असते. पंख्यासारख्या पाणलोटात चहूकडचे पाणी एकाच सुमारास एका जागी येते. अमेरिकन अभियंता रॉबर्ट हॉर्टन याने 1932 साली हे एका साध्या गुणोत्तरात बसवले: पाणलोटाचे क्षेत्रफळ भागिले त्याच्या लांबीचा वर्ग. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती कोल्हापूरजवळ प्रयाग चिखलीपर्यंत एकत्र येतात. तो नकाशा समोर ठेवला की पंचगंगा एवढ्या लवकर का फुगते, ते सूत्राविनाही दिसते.

आता फुटांची पाळी. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी. सांगलीत आयर्विन पुलाशी अनुक्रमे 40 आणि 45. हे आकडे त्या त्या ठिकाणच्या शून्यापासून मोजलेले असतात, म्हणून कोल्हापूरचे फूट सांगलीच्या फुटांना ताडून पाहू नयेत. 2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात पाणी 55 फुटांच्या वर आणि सांगलीत 57 फुटांच्या वर गेले होते. त्या दिवसांत पाणी चढण्याचा वेग मंदावला की लोकांना हायसे वाटे. नदीचा छेद काढून पाहिला तर हा दिलासा किती फसवा असतो ते कळते. समजा, पात्र काठापर्यंत 160 मीटर रुंद आहे. एक किलोमीटर लांबीत पाणी एक फूट चढवायला सुमारे 49 हजार घनमीटर लागतात. काठ ओलांडून पाणी उसाच्या फडांत शिरले आणि रुंदी तीन किलोमीटर झाली, की त्याच एका फुटाला नऊ लाख घनमीटरांहून अधिक पाणी खपते. तांब्यातले पाणी परातीत ओतावे तसे. वरून तेवढेच पाणी येत राहिले तरी पातळी आता अठरापट सावकाश चढते. आणि हे साठलेले पाणी पुन्हा त्याच अरुंद वाटेने निघायचे असते, म्हणून पूर उतरायलाही दिवसेंदिवस लागतात.

नृसिंहवाडीला पाणी मंदिराच्या उत्तरेकडून शिरून पादुकांवरून दक्षिण दाराने बाहेर पडले की भाविक दक्षिणद्वार सोहळ्याला गर्दी करतात. पंचगंगा आणि कृष्णा यांच्या संगमावरची ती ठरावीक पातळी पिढ्यान्‌पिढ्या श्रद्धेने पाळली गेलेली नोंद आहे. जलशास्त्राच्या अभ्यासकाने तिच्याकडे आदराने पाहावे.

वाहत्या पाण्याचा विसर्ग काढताना छेदाचे क्षेत्रफळ आणि वेग यांचा गुणाकार करायचा. छेद पट्ट्यांत विभागायचा, प्रत्येक पट्टीची खोली आणि वेग मोजायचा, बेरीज करायची. वेग मोजता आला नाही तर आयरिश अभियंता रॉबर्ट मॅनिंग याचे सूत्र मदतीला येते. त्यात उतार आणि खडबडीतपणा यांच्या जोडीला आणखी एक भौमितिक राशी आहे: छेदाचे क्षेत्रफळ भागिले पाण्याला टेकलेल्या काठ-तळाची लांबी. पात्रात भराव, पुलाचे खांब, झाडोरा आला की ही लांबी आणि खडबडीतपणा वाढतो आणि तेच पाणी अधिक उंचीवरून जाऊ लागते. आलमट्टी धरणाच्या फुगवट्यावर जे वाद होतात, तेही या प्रकरणानंतर वेगळ्या कानांनी ऐकू येतील. धरणाचा फुगवटा म्हणजे आडवे पाणी आणि उतरता तळ यांच्यामधली पाचर. उतार 5,000 ला 1 असेल तर 10 मीटर उंचीची पाचर 50 किलोमीटर मागे जाते. पूर वाहत असताना पाण्याचा पृष्ठभाग आडवा राहत नाही, त्यामुळे खरा हिशेब यापेक्षा गुंतागुंतीचा होतो. कोणाच्या बाजूने बोलायचे ते वाचकांनी ठरवावे, पण पाचर एकदा कागदावर काढून मग ठरवावे.

वाचनाच्या क्रमाबद्दल थोडे. पहिली तीन प्रकरणे सलग वाचा. घाई असेल तर क्षेत्रफळाचे चौथे प्रकरण चाळून पुढे जा. मॅनिंगचे सूत्र पहिल्या वाचनात जड गेले तर खुशाल सोडा, पूररेषेच्या प्रकरणाला ते फारसे अडवत नाही. शिक्षकांनी उदाहरणे आपल्या तालुक्यातली घ्यावीत. विदर्भातल्या मुलाला गोसेखुर्द, मराठवाड्यातल्या मुलीला जायकवाडी अधिक कळेल, आणि गोव्यात साळावली जवळ आहेच. मात्र चौकटीचा कागद, कंपास आणि आपल्या नदीचा नकाशा हाताशी घेऊनच बसा, आणि पुस्तकातले आकडे पडताळल्याशिवाय मान्य करू नका.